ब्रेक लावला की गाडी डावीकडे का ओढते?

चौलच्या एका मैत्रिणीचं पत्र आलं आहे. पत्र चांगलं तीन पानी आहे, पण त्यातली एकही ओळ वायफळ नाही. म्हणून या वेळी डाग, मुंग्या आणि मिक्सरची पाती यांबद्दलची पत्रं बाजूला ठेवते आणि हे एकच घेते.

त्या लिहितात: "सासूबाईंना आठवड्यातून दोनदा अलिबागला डायलिसिससाठी न्यावं लागतं. यजमान मुंबईला नोकरीला, शनिवार-रविवार तेवढे घरी. त्यामुळे गाडी मीच चालवते. गेला दीड महिना बघते आहे, नागाव मागे पडलं की ब्रेक लावल्यावर गाडी डावीकडे ओढते. परत येताना तर जास्तच. ह्यांना सांगितलं. ह्यांनी रविवारी रेवदंड्याच्या बाजारापर्यंत चालवून पाहिली आणि म्हणाले, 'काही नाही, तुझाच हात ओढतो.' मेकॅनिकने गल्लीत एक चक्कर मारली आणि व्हील अलाइनमेंट करून घ्या म्हणाला. ते केलं, पैसे गेले, आणि चार दिवसांत पुन्हा तेच. परवा एक शाळेतला मुलगा सायकलवरून माझ्या डाव्या अंगाला होता. मी ब्रेक दाबला आणि गाडी त्याच्याच बाजूला गेली. हातभर अंतर राहिलं. घरी येऊन हात थरथरत होते. आता मलाच वाटायला लागलंय, खरंच माझा हात ओढतो का?"

नाही हो. तुमचा हात ओढत नाही. दोष गाडीत आहे आणि त्याचं निम्मं निदान तुमच्या पत्रातच आहे. फक्त ते कोणी नीट वाचलेलं नाही.

बघा, तुम्ही लिहिलंय की नागाव मागे पडल्यावर ओढते. म्हणजे घरातून निघाल्या निघाल्या ओढत नाही, काही किलोमीटर चालल्यावर, ब्रेक तापल्यावर ओढते. परतीच्या वाटेवर आणखी जास्त. आणि यजमानांनी चालवली कुठपर्यंत? रेवदंड्याच्या बाजारापर्यंत! चौलहून ते अंतर ते किती? चाक तापायच्या आत तुमचे यजमान मासळी घेऊन परतसुद्धा आले असतील. मेकॅनिकची चक्कर तर त्याहून छोटी. ताप संध्याकाळी चढतो आणि डॉक्टर सकाळी नाडी बघून म्हणतात ठणठणीत आहे, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा त्यांच्यावर चिडू नका, पण पुढच्या रविवारी यजमानांना शेजारी बसवून अलिबागपर्यंत न्या आणि येताना चक्र त्यांच्या हातात द्या. वादाचा निकाल रस्त्यावरच लागेल.

आता गाडी ओढते म्हणजे नेमकं काय होतं, ते आधी समजून घेऊ. मैत्रिणींनो, यात अवघड काही नाही. बैलगाडी डोळ्यांसमोर आणा. डावा बैल एकदम थांबला आणि उजवा चालत राहिला, तर गाडी कुठे वळते? डावीकडे. थांबलेल्या बैलाच्या बाजूला. मोटारीचंही तेच. आपण पेडल दाबतो तेव्हा चारही चाकांना ब्रेक लागतो, पण गाडीचा भार पुढे झुकत असल्यामुळे (एस.टी.त उभ्याने प्रवास केलेल्या प्रत्येकीला हे ठाऊक आहे) जास्त काम पुढच्या दोन चाकांना पडतं. ही दोन चाकं सारखी धरली तर गाडी सरळ थांबते. एकाने जास्त धरलं तर गाडी त्या चाकाच्या बाजूला वळते.

इथेच बहुतेक जण फसतात. गाडी डावीकडे ओढते म्हणून डाव्या चाकात बिघाड, असं सगळे धरून चालतात. पण डावा बैल शहाण्यासारखा थांबला आणि उजव्याने ऐकलंच नाही, तरीही गाडी डावीकडेच वळणार ना? म्हणजे डावीकडे ओढणाऱ्या गाडीत दोन शक्यता असतात. एक, डावा ब्रेक अडकून बसलाय आणि गरजेपेक्षा जास्त धरतोय. दुसरी, डावा अगदी ठीक आहे, उजवाच काम करत नाही. पहिल्या प्रकारात डावं चाक उघडायचं, दुसऱ्यात उजवं. मेकॅनिकने न तपासता डाव्या बाजूला हात घातला, तर पैसे जायचे आणि दुखणं तसंच राहायचं.

मग ओळखायचं कसं? त्यासाठी स्वयंपाकघरातलीच युक्ती कामाला येते. तवा तापला की नाही हे आपण पाण्याचा थेंब टाकून बघतो. तेच इथे करायचं. पाच-सहा किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवा, शेवटचा थोडा रस्ता फार ब्रेक न मारता या आणि सपाट जागी थांबा. गाडी बंद करा, पहिल्या गियरमध्ये ठेवा. आता पुढच्या डाव्या चाकाजवळ तळहाताची मागची बाजू न्या. नुसती जवळ न्यायची, लावायची नाही, नाहीतर भाजेल. मग तसंच उजव्या चाकाजवळ. दोन्हीकडची ऊब सारखी असायला हवी. फरक कळत नसेल तर बोटांनी चाकाच्या मधल्या लोखंडी भागावर दोन थेंब पाणी शिंपडा. एकीकडे पाणी नुसतं ओघळलं आणि दुसरीकडे चर्र झालं, तर समजा की चर्र झालेला ब्रेक सुटतच नाहीये. थेंबच शिंपडायचे बरं का, तांब्याभर पाणी ओतायचं नाही. तापलेल्या डिस्कवर एकदम गार पाणी पडलं तर ती वाकडी होऊ शकते, तडकूही शकते.

तुलना नेहमी डाव्या-उजव्याची करायची. पुढच्या-मागच्याची करू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

डावं चाक उजव्यापेक्षा खूपच तापलं असेल, जवळ गेल्यावर जळका, खरचटल्यासारखा वास येत असेल, त्या चाकाच्या जाळीवर उजव्यापेक्षा जास्त काळी भुकटी बसली असेल, तर डावा ब्रेक अडकला आहे. उलट डावं नेहमीसारखं कोमट आणि उजवं थंडगार असेल, तर उजवा ब्रेक आळशी झाला आहे. या दोन मिनिटांच्या कामाला एक पैसा लागत नाही. आणि गॅरेजमध्ये जाऊन "गाडी ओढते" एवढंच सांगण्यापेक्षा "दहा किलोमीटरनंतर पुढचं डावं चाक उजव्यापेक्षा जास्त तापतं" असं सांगितलंत, तर समोरच्या माणसाचा सूर लगेच बदलतो. स्वानुभवाने सांगते.

चौलच्या मैत्रिणीने आणखी एक ओळ लिहिली आहे, ती मी वर दिली नव्हती. "ब्रेकवरून पाय काढल्यावरही थोडा वेळ गाडी डावीकडे जातच राहते, मग हळूहळू सरळ होते." ही ओळ फार मोलाची आहे. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही असा तिचा अर्थ. म्हणून माझा अंदाज पहिल्या प्रकाराचा, डावा ब्रेक अडकल्याचा. पण पाण्याच्या थेंबाने खात्री करून घ्याच. निदान पत्रावरून होत असतं तर गॅरेजं बंद पडली असती.

ब्रेक अडकतो कशाने? आजकालच्या बहुतेक लहान गाड्यांत पुढच्या चाकांना डिस्क असते आणि मागच्यांना ड्रम. डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी लोखंडी थाळी. तिला दोन्ही बाजूंनी धरणारा जो भाग, त्याला कॅलिपर म्हणतात. आपली सांडशी पातेल्याचा काठ धरते तशी ही सांडशी थाळी धरते. तिच्या दोन ओठांवर पॅड बसवलेली असतात. या सांडशीला नेहमीच्या गाड्यांत एकाच बाजूने दाब मिळतो. दुसरा ओठ थाळीला टेकावा म्हणून सबंध सांडशी दोन पिनांवर किंचित सरकते. आता पावसाळ्यात लाकडी कपाटाचा खण फुगून कसा अडकतो, पुढे ओढला तर येतो पण मागे जात नाही? त्या पिना गंजल्या, त्यांच्यावरची रबरी टोपी फाटून आत पाणी आणि रेती गेली, की तसंच होतं. पेडल दाबलं की सांडशी आवळते, पाय काढला की सुटायला कां-कूं करते. चाक फिरतंय, पॅड घासतंय, थाळी तापतेय. तापल्यावर सगळं आणखी आवळतं.

आणि गंजासाठी चौलइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही! समुद्र हाकेच्या अंतरावर, शेजारी रेवदंड्याची खाडी, घराभोवती नारळी-पोफळीची वाडी आणि तिचं शिंपणं. खिडकीचे गज दर वर्षी रंगवावे लागतात, पंख्याची पाती लाल होतात, सायकलची चेन आठवडाभर तेल घातलं नाही तर कुरकुरायला लागते. मग वाडीत, झाडाखाली, ओल्या मातीवर उभी राहणारी गाडी कशी सुटेल? खारी हवा लोखंडाला सोडत नाही. मुंबईत ज्या पिना पाचपाच वर्षं कोणी उघडून बघत नाही, त्या किनाऱ्यावर दर पावसाळ्यानंतर साफ करून घ्यायला हव्यात. त्यावर लावायचं ग्रीसही ब्रेकसाठी म्हणून वेगळं मिळतं. साधं ग्रीस लावू देऊ नका, त्याने रबर फुगतं. आणि ग्रीसचा हात पॅडला लागता कामा नये.

दुसरं कारण म्हणजे रबरी नळी, मेकॅनिक तिला होज म्हणतात. ब्रेकचं काम तेलाच्या दाबावर चालतं. पेडलाखालचा दाब सगळ्या चाकांना एकसारखा पोचावा म्हणूनच ही योजना आहे. अगदी जुन्या मोटारींत दांड्या आणि तारा असत, त्यातली एखादी सैल पडली की गाडी हमखास तिरकी जायची. १९२१ साली अमेरिकेतल्या ड्यूझेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना तेलाच्या दाबाचे ब्रेक आले आणि हळूहळू सगळीकडे तीच पद्धत रूढ झाली. पण तेल चाकापर्यंत न्यायचं तर शेवटचा तुकडा रबराचा लागतो, कारण चाक वळतं, वरखाली होतं. हा तुकडा जुना झाला की बाहेरून धड दिसतो आणि आतून फुगून त्याची वाट बुजते. पायाच्या जोराने तेल आत जातं, परत मात्र येत नाही. गॅसची नळी आपण पाच वर्षांनी बदलतो, बाहेरून चांगली दिसली तरी. गाडीच्या या नळीची आठवण मात्र कोणाला होत नाही.

पिना की नळी, हे मेकॅनिकला पाच मिनिटांत कळतं, फक्त तेवढं करायला लावायचं. चाक जॅकवर उचलून हाताने फिरवायचं. जड फिरत असेल तर कॅलिपरवरचा हवा काढायचा छोटा निपल जरासा सैल करायचा. थोडं तेल बाहेर आलं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर तेल कोंडलं होतं. दोष नळीत. तेल येऊनही चाक जडच राहिलं, तर कॅलिपर स्वतः अडकला आहे, म्हणजे पिना नाहीतर आतला पिस्टन. हे करताना तुम्ही तिथे उभ्या राहा. "बाई, तुम्ही बसा तिकडे पंख्याखाली" असं म्हणतील. खुशाल म्हणू देत. साडीवर तेल उडणार नाही एवढं अंतर ठेवून उभं राहायचं.

पिस्टन गंजतो त्याला कारण जुनं ब्रेक ऑइल. हे तेल हवेतली ओल शोषून घेतं, बरणीचं झाकण उघडं राहिलं की मीठ पाणी धरतं ना, तसं. ही ओल पिस्टनला आतून गंज आणते. शिवाय तेल लवकर उकळतं. डॉट ४ जातीचं नवं तेल २३० अंश सेल्सियसच्या खाली उकळता कामा नये असा दंडक आहे, आणि त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच आकडा १५५ वर येतो. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं. कोणतं घालायचं हे टाकीच्या झाकणावर लिहिलेलं असतं. फुटलेल्या बाटलीतलं उरलंसुरलं, "होतंच घरात" म्हणून घालायचं नाही. आणि सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, गाडीचा रंग खातं ते.

आता जिच्या उजव्या चाकाला थेंब टाकला आणि ते थंडगार निघालं, तिच्यासाठी. तिथे पॅड झिजलेलं किंवा तेलकट झालेलं असू शकतं, पिस्टन आतच रुतून बसलेला असू शकतो, किंवा नळी पूर्ण बुजलेली. उपाय तोच, चाक उघडून बघणे. पॅड बदलायची वेळ आली तर डावी-उजवी दोन्ही चाकांची एकदम बदलायची. एकीकडे नवं आणि एकीकडे जुनं ठेवलं तर ओढण्याची कटकट आपण विकत घेतली असं होईल. काटकसरीला मी कधी नाही म्हणत नाही, पण इथे नको.

आता थोडं मागे जाते. कारण प्रत्येकीची गाडी चौलच्या मैत्रिणीसारखी वागत नसेल. ब्रेककडे वळण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारायचा: गाडी ब्रेक न लावताही ओढते का? सपाट, मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे कोणी नसताना, ताशी तीस-चाळीसच्या वेगात चक्रावरचे हात जरा हलके करा. सोडू नका, हलके करा. आपले रस्ते पाणी वाहून जावं म्हणून कडेला उतरते असतात आणि आपण डावीकडून चालवतो, त्यामुळे प्रत्येक गाडी हळूच थोडी डावीकडे जाते. तेवढं सोडून द्या. त्याहून जास्त जात असेल तर आधी टायरची हवा बघा. ज्या टायरात हवा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. हवा सकाळी, चाकं थंड असताना मोजायची. किती हवी तो आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंपावरच्या मुलाला "टाक नेहमीची" म्हणू नका, आकडा सांगा. हवा ठीक असूनही ओढते, तर पुढची दोन टायरं आपसात बदलून बघा. ओढण्याची दिशा बदलली तर दोष टायरात. (टायरच्या अंगावर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर मात्र ही अदलाबदल करू नये.) आणि एवढं सगळं करून गाडी ब्रेकशिवाय ओढतच असेल, तेव्हा व्हील अलाइनमेंट. अलाइनमेंट म्हणजे चाकांची दिशा सरळ करणं. ते वाईट नाही, पण ब्रेक लावल्यावरच ओढणाऱ्या गाडीला त्याचा उपयोग डोकेदुखीला गुडघ्यावर लेप लावण्याइतकाच.

ब्रेक लावताना चाकाखालून 'टक्' असा आवाज येतो, कधी डावीकडे कधी उजवीकडे ओढते, पाय काढून वेग दिला की उलट बाजूला झुकते, असं असेल तर ब्रेक बहुधा निर्दोष आहेत. चाक ज्या दांड्याला धरलेलं असतं त्याचे रबरी बुश झिजले असणार किंवा बॉल जॉइंट ढिला झाला असणार. खड्ड्यांच्या कृपेने हे आपल्याकडे पुष्कळ होतं. यात चालढकल करू नये. जॉइंट अगदी निखळला तर चाकच आडवं पडतं.

आणि फक्त सकाळी पहिल्या एक-दोन ब्रेकलाच ओढत असेल, घरर्र असा आवाज येऊन मग बंद होत असेल, तर ती रात्रभराच्या दमट हवेने थाळीवर आलेली लाली आहे. दोन-तीनदा ब्रेक लावला की घासून जाते. भरपूर पाण्यातून गाडी काढल्यावरही ब्रेक असेच वेडेवाकडे वागतात. हळू चालवत पेडल अलगद दाबून ते वाळवायचे.

आपल्या किनाऱ्यावरच्या दोन सवयींबद्दल लिहायलाच हवं. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला गाड्या घेऊन रो-रो बोट येते. मुलंबाळं मुंबईहून गाडीसकट घरी येतात, आनंदच आहे. पण मग ती गाडी पुळणीवर नेऊन, लाटांत चाकं बुडवून फोटो काढण्याची हौस येते. गाडी रुततेच, आणि नाही रुतली तरी खारं पाणी आणि रेती त्या पिनांपर्यंत जाते. परिणाम दोन-तीन महिन्यांनी दिसतो, तेव्हा फोटोची आठवणही नसते. गेलीच गाडी पाण्यात, तर चाकं थंड झाल्यावर आतल्या बाजूने गोड्या पाण्याने भरपूर धुवा आणि लगेच उभी न करता थोडी फिरवून, ब्रेक वाळवून मग ठेवा.

दुसरी सवय हँडब्रेक ओढून गाडी महिनोन् महिने उभी ठेवण्याची. दिवाळीला आलेली मंडळी जातात आणि गाडी थेट होळीला हलते. मागच्या ड्रममधलं लायनर ड्रमला चिकटून बसतं. मग एक मागचं चाक सुटतं, दुसरं फरफटतं. सपाट अंगणात गाडी पहिल्या गियरमध्ये ठेवा, चाकांना पुढूनमागून लाकडाची पाचर किंवा दगड लावा आणि हँडब्रेक मोकळा सोडा. आठवड्याला एकदा दत्ताच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जरी फिरवून आणली तरी पुष्कळ.

मागच्या ड्रमबद्दल आणखी एकच. चाकाच्या आतल्या बाजूला किंवा टायरवर तेलकट ओघळ दिसला तर आतला सिलिंडर गळतो आहे. तेल लागलेलं लायनर पॉलिशपेपरने घासून परत बसवतात. बसवू देऊ नका. नवं घाला, आणि दोन्ही बाजूंना. आणि ड्रम उघडल्यावर आतली भुकटी फुंकर मारून किंवा हवेच्या नळीने उडवतात, तेव्हा मुलांना जवळ उभं करू नका. ती भुकटी फुप्फुसाला चांगली नाही.

आता एक गोष्ट मात्र निक्षून. बोनेट उघडून ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी दोन खुणांच्या मध्ये आहे का बघा. खालच्या खुणेच्या खाली असेल, पेडल नेहमीपेक्षा खोल जात असेल, किंवा ब्रेकचा लाल दिवा पेटून राहत असेल आणि त्याबरोबर गाडी ओढत असेल, तर ती गाडी गॅरेजपर्यंतसुद्धा चालवत नेऊ नका. हल्लीच्या पुष्कळ गाड्यांत ब्रेकच्या तेलाच्या दोन वाटा तिरक्या जोडलेल्या असतात, एका बाजूचं पुढचं चाक आणि दुसऱ्या बाजूचं मागचं, अशी जोडी. एक वाट फुटली तरी दुसरीने गाडी थांबावी हा हेतू. पण मग उरते ती अर्धी ताकद, आणि ती तिरकी. मेकॅनिकला घरी बोलवा. गाडीला ए.बी.एस. आहे म्हणून निर्धास्त राहणाऱ्यांनाही सांगते, ए.बी.एस. चाक घसरू देत नाही हे खरं, पण गंजलेली पिन ते मोकळी करत नाही.

चौलच्या मैत्रिणीला वेगळं सांगायचं ते असं. दुरुस्ती होईपर्यंत सासूबाईंना एस.टी.ने किंवा ओळखीच्या रिक्षाने न्या. डायलिसिस चुकवता येत नाही हे समजतं, म्हणूनच त्या वाटेवर ही गाडी नको. नागावचा रस्ता अरुंद, शनिवार-रविवारी पर्यटकांची झुंबड, डाव्या हाताला सायकली आणि शाळेची मुलं. सोमवारी सकाळी गाडी गॅरेजला द्या, पण थंड गाडी देऊन घरी येऊ नका. आधी अलिबागच्या दिशेने दहा किलोमीटर नेऊन आणा, तापलेल्या चाकासकट मेकॅनिकच्या दारात उभी करा आणि त्याच्या हाताने तपासायला लावा. वाटेत धूर किंवा जळका वास आला तर मात्र तिथेच थांबा, गार होऊ द्या.

काम झाल्यावर काढलेली जुनी पॅड मागून घ्या. कागदात गुंडाळून घरी आणा आणि उजेडात बघा. एकाच चाकाच्या दोन पॅडांपैकी एक जाड आणि एक पातळ निघालं, किंवा एकच पॅड पाचरीसारखं तिरकं झिजलेलं असलं, तर पिना अडकल्या होत्या. नव्या पॅडबरोबर त्या साफ केल्या का, एवढं विचारून मगच बिल चुकतं करा. दोन्ही सारखीच पण दुसऱ्या चाकापेक्षा फार झिजलेली असतील, तर नळी किंवा पिस्टनकडे बोट जातं. काय निघालं ते मला जरूर कळवा. आणि रविवारी यजमानांच्या हाताला ती पॅड द्यायला विसरू नका.